शब्द गेले म्हणून गाणे जात नाही

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्यांमध्ये एक मत पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जाते. गाण्याचे पियानोवरचे रूपांतर म्हणजे उसनवारी. शब्द गेले की बोटांची कसरत तेवढी उरते. चित्रमय रचना तर चित्र ठाऊक नसेल तर कळतच नाहीत. मग रशियन संगीतकार आणि पियानोवादक सर्गेई रखमानिनोव्हच्या जुन्या तबकड्यांचे नाव निघाले की चौथा मुद्दा येतो: किरकिर फार, माल हलका. मला यातला एकही मुद्दा पटत नाही, आणि याला उत्तर त्याच तबकड्यांत आहे.

उसनवारीचे आधी पाहू. रखमानिनोव्हने ‘लायलॅक्स’ हे गाणे १९०२ मध्ये लिहिले आणि पुढे पियानोसाठी त्याचे रूपांतरही स्वतःच केले. स्वतःच्याच घरातून कोण उसने आणतो? ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या गाण्यांचे म्हणाल, तर तो १८२८ मध्ये ३१ व्या वर्षी गेला. पुढच्या दशकात हंगेरियन पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिस्टने त्याच्या गाण्यांची रूपांतरे करायला घेतली आणि ती पन्नासाच्या वर नेली. तेव्हा रेकॉर्ड नव्हत्या. जिथे चांगला गायक पोहोचत नव्हता, तिथे शूबर्ट पियानोवरून पोहोचला.

शब्दांचा आक्षेप मात्र सविस्तर उत्तर मागतो. लिस्टला शब्द टाकून द्यायचे नव्हतेच. गाण्याचे बोल सुरावटीच्या वर छापलेले असावेत असा त्याचा आग्रह होता, म्हणजे वाजवणाऱ्याला कुठली ओळ चालली आहे हे डोळ्यांसमोर दिसावे. खरी अडचण वेगळीच आहे. पियानोचा स्वर उमटला त्या क्षणापासून विझू लागतो. त्याला मींड नाही, दम नाही, लागलेला स्वर मागाहून फुगवता येत नाही. गायकाला जे श्वासाने साधते, ते इथे पुढचा स्वर नेमका किती उशिरा आणि किती वजनाने ठेवायचा यावर साधावे लागते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये हॉलिवूडमध्ये रखमानिनोव्हने शूबर्ट-लिस्टचे ‘सेरेनेड’, म्हणजे प्रियेसाठी रात्री गायचे गाणे, मुद्रित केले, ते याच कानाने ऐका. खालची साथ गिटार छेडल्यासारखी कोरडी, हलकी. सुरावट तिच्यावर जरा मागे रेंगाळते, ओळीच्या शेवटी थांबते, आणि तो थांबा इतका माणसाचा वाटतो की आपणही श्वास रोखतो. रूपांतरात शेवटी हीच सुरावट वरच्या सप्तकात प्रतिध्वनीसारखी मागोमाग येते. एकट्या गायकाच्या गळ्यात हे शक्य नाही. म्हणजे शब्द गेले हे खरे, पण प्रियेच्या खिडकीखाली उभ्या असलेल्या माणसाला रात्रीने दिलेले उत्तर मिळाले.

कसरत आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे. त्याच महिन्यात त्याने वाजवलेले ‘कोन्त्राबान्दिस्ता’, म्हणजे शूमानच्या गाण्याचे टाउसिगने केलेले रूपांतर, उघडउघड बोटांचा खेळ आहे. पण ते गाणे गस्तवाल्यांना हुलकावणी देणाऱ्या, बढाईखोर तस्कराचे. तो धावणार नाही तर काय?

आता चित्रे. रखमानिनोव्हने आपल्या दोन संचांना ‘एत्यूद-ताब्लो’, म्हणजे चित्रमय अभ्यासरचना, असे नाव दिले. पहिला संच १९११ चा, दुसरा १९१६-१७ चा. कुठल्या रचनेमागे कुठले चित्र, हे मात्र त्याने गुलदस्त्यात ठेवले. १९३० मध्ये इटालियन संगीतकार रेस्पीगी त्यांतल्या पाच रचना वाद्यवृंदासाठी बांधत होता, तेव्हा कुठे रखमानिनोव्हने पत्रातून खुलासा केला: एकीत समुद्र आणि सीगल पक्षी, एकीत जत्रा, आणि ओपस ३९, म्हणजे दुसऱ्या संचातल्या सहाव्या रचनेत लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा.

ही सहावी रचना त्याने १९२५ मध्येच मुद्रित केली होती. ज्यांनी तेव्हा ती तबकडी ऐकली त्यांना लांडग्याचा पत्ता नव्हता. तरी खर्जातून उसळणारी ती गुरगुर आणि वरच्या पट्टीत घाबऱ्या पावलांनी धावणारे ते स्वर त्यांनी ऐकलेच ना? कोणीतरी झडप घालते आहे आणि कोणीतरी पळते आहे, एवढे कळायला गोष्ट माहीत असावी लागत नाही. मी स्वतः ती रचना कित्येक वर्षे गोष्टीविना ऐकली. लांडगा कळल्यावर मजा वाढली, भीती मात्र तेवढीच राहिली.

किरकिर आहे, नाकारत नाही. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत, आणि चूक झाली तर ती कापून दुसरा तुकडा जोडण्याची सोय नव्हती. अख्खी बाजू पुन्हा वाजवावी लागे. त्या खरखरीमागे जे ऐकू येते ते एका बैठकीत, सलग वाजवलेले आहे.

आणि हलका माल? ऑगस्ट १९४१ मध्ये, ६८ व्या वर्षी, रखमानिनोव्हने रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीच्या एका अंगाईचे पियानो-रूपांतर लिहिले. पुढच्या फेब्रुवारीत ते मुद्रितही केले. २८ मार्च १९४३ रोजी तो गेला. त्या अंगाईनंतर त्याने दुसरे काही लिहून पूर्ण केले नाही.