रोम अर्ध्या दिवसात दाखवणाऱ्यांना

आज सकाळी मामेभावाने मामा-मामींच्या युरोप सहलीची कार्यक्रमपत्रिका पाठवली आणि "एकदा नजर टाक, पैसे भरायचे आहेत" असे लिहिले. नजर टाकली आणि संताप आला. रोमच्या वाट्याला अवघा अर्धा दिवस आला आहे. कलोसियम बाहेरून, फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, धावत्या बसमधून, ट्रेव्ही कारंज्यापाशी नाणे टाकण्यापुरता थांबा, मग व्हॅटिकनचा चौक आणि संध्याकाळी पुढच्या शहराकडे प्रस्थान. पँथिऑन या प्राचीन घुमटाकार रोमन मंदिराचे तर नावही नाही. ज्या माणसाने जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, त्याला रोम असे दाखवायचे?

आम्ही आई-बाबांना आणि लेकीला घेऊन रोमला गेलो होतो, तेव्हाचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणांच्या कामावर गेली. पँथिऑनमध्ये शिरल्यावर सगळे वर पाहत होते आणि बाबा मात्र वाकून फरशी न्याहाळत होते. बाहेर पाऊस होता, घुमटाच्या माथ्यावरच्या गोल झरोक्यातून तो सरळ आत पडत होता आणि फरशीतल्या लहान छिद्रांतून पाण्याचा निचरा होत होता. फरशीला मध्यापासून दिलेला किंचित उतार बाबा लेकीला दाखवत होते. तेवढ्यात मराठी कानावर पडल्यामुळे शेजारचे एक काका जवळ आले.

"अहो, वर काच नाही का बसवलेली?"

"नाही, मुळातच उघडे ठेवले आहे. आणि या घुमटात सळई नाही बरं का."

"सळईशिवाय? एवढा मोठा?" काका थबकले. "मी स्लॅबची कामे घ्यायचो हो."

बाबा पुढे सांगणार, इतक्यात झेंडी उंचावलेला मुलगा "चला, चला, उशीर होतोय" म्हणत आला आणि काका गेले. जाताना दोनदा मागे वळून त्यांनी वर पाहिले.

त्यांना मिळायला हवे होते ते उत्तर किती सुंदर होते! हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. 126 च्या सुमारास पूर्ण झालेला हा घुमट 43.3 मीटर व्यासाचा आहे आणि सळईविना उभ्या असलेल्या काँक्रीटच्या घुमटांमध्ये आजही जगात सर्वांत मोठा आहे. चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणात खाली जड दगड-विटांचे तुकडे घातले आहेत, तर वर जाताना हलका, सच्छिद्र दगड वापरला आहे. पायथ्याशी सुमारे 6 मीटर असलेली जाडी माथ्याशी सव्वा मीटरवर येते. जन्मभर स्लॅब ओतलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत समजले असते. ती पाच मिनिटे त्यांना कोणी दिली नाहीत.

सहल कंपनीबरोबर गेल्याने व्हिसाची, सामानाची आणि जेवणाची चिंता मिटते, हे मान्य. अनेक ज्येष्ठांना त्याशिवाय परदेश दिसलाच नसता, हेही खरे. पण भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांच्या मोबदल्यात बसची खिडकी दाखवायची, हा कुठला न्याय? आणि आपण मुलेसुद्धा किती देश होतात तेवढेच मोजतो. आई-वडिलांना काय पाहायला आवडेल, हे त्यांना विचारतो तरी का?

त्याच पँथिऑनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. तिथे काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रे आहेत आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. पेटीत नाणे टाकले की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. दिवा विझला तेव्हा आई म्हणाली, "अजून एक नाणे टाक ग, त्या टेबलावरच्या मुलाचा चेहरा नीट पाहायचा राहिला." चित्रकलेशी कधी संबंध न आलेली माझी आई! तिला कोणी घाई केली नाही, म्हणून ती पाहू शकली. हे लिहितानाही ते काका डोळ्यांसमोर येतात आणि राग ओसरून नुसते वाईट वाटते.

मामेभावाला फोन करून मी सांगितले आहे की कुठल्या वास्तूत आत प्रवेश आहे आणि तिथे किती वेळ देणार, हे कंपनीकडून लेखी घे. दोन शहरे कमी झाली तरी चालतील, पण रोमला पूर्ण तीन दिवस हवेत. मामांना एक अख्खी सकाळ फोरममध्ये मिळाली पाहिजे. ज्युलियस सीझरला जिथे अग्नी दिला, त्या जागी आजही लोक फुले ठेवतात, आणि सीझरचा वध मामांनी वर्गात किती रंगवून सांगितला असेल! कंपनी तयार नसेल, तर सगळी तिकिटे मी काढून देते. तुमच्यापैकी कोणी आई-वडिलांना स्वतः रोमला नेले असेल, तर पँथिऑनच्या आसपास राहण्याची चांगली जागा सुचवा. मामींचे गुडघे दुखतात आणि तिथले दगडी रस्ते खडबडीत आहेत, त्यामुळे इमारतीला लिफ्ट हवीच.