यूएसबी स्कोपवर वेव्ह नाचते त्यात केबलचा काय दोष?

सध्या एक मेसेज बराच फिरतोय. म्हणे यूएसबी स्कोपवर (पीसीला जोडून सिग्नलची वेव्ह दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) वेव्ह एका जागी थांबत नाही कारण डेटा केबलमधून उशिरा येतो, ट्रिगरच्या (कुठल्या क्षणाला धरून चित्र काढायचं त्याच्या) सेटिंगशी खेळून काही होत नाही, ट्रिगरच्या आधीचं या स्कोपला दिसूच शकत नाही, म्हणून पोझिशन (चित्रात ट्रिगरची जागा) मध्यावर, मोड ऑटोवर ठेवा आणि विसरून जा. बहुतेक चुकीचं आहे हे.

आधी केबलचं बघू. उशीर होतो, खोटं नाही, पण तो चित्र स्क्रीनवर कधी येणार याचा, चित्रात एज (सिग्नल वर किंवा खाली जातो ती कड) कुठे पडणार याचा नाही. सॅम्पल (ठरावीक वेळाने मोजलेले व्होल्टेज) घेतले जातात स्कोपच्या आतल्या क्लॉकवर आणि हार्डवेअर ट्रिगर असेल तर कितव्या सॅम्पलला ट्रिगर लागला तेही आतच ठरतं. हँटेक 6022बीई सारख्या साध्या स्कोपमध्ये ट्रिगर पीसीवरचं सॉफ्टवेअर शोधतं, पण तेही आलेल्या सॅम्पलमध्येच शोधतं ना, पॅकेट किती वाजता आलं ते बघत नाही. डेटा अर्धा सेकंद उशिरा पोचला तरी 2 मिलिसेकंदावरची एज 2 मिलिसेकंदावरच दिसणार.

मग नाचते का? बहुतेक वेळा लेव्हलमुळे, म्हणजे किती व्होल्टला ट्रिगर लागायचा त्या सेटिंगमुळे. सिग्नल 0 ते 3.3 व्होल्ट आणि लेव्हल ठेवलीय 0 वर, मग नॉइजवर कुठेही ट्रिगर लागतो, लेव्हल 1.6 च्या आसपास आणा, बघा थांबते की नाही. दुसरं कारण सॅम्पल रेट. 100 किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह 1 मेगासॅम्पलवर (सेकंदाला 10 लाख सॅम्पल) बघितली तर एका सायकलला फक्त 10 सॅम्पल मिळतात, एज दोन सॅम्पलच्या मध्ये कुठेही पडू शकते, म्हणजे चित्र 1 मायक्रोसेकंद इकडेतिकडे हलणारच, रेट वाढवा.

"आधीचं दिसत नाही" हे तर सरळ उलटं आहे. बफर (सॅम्पल साठवायची मेमरी) असलेला स्कोप ट्रिगरची वाट बघत असतानाही बफर गोल गोल भरतच असतो, ट्रिगर लागला की ठरलेले पुढचे सॅम्पल घेऊन थांबतो, आधीचे तिथे असतातच. पोझिशनचा स्लाइडर एवढंच ठरवतो की आधीचं किती ठेवायचं. 10,000 सॅम्पल, 1 मेगासॅम्पल रेट म्हणजे 10 मिलिसेकंद. आता समजा मायक्रोकंट्रोलर मधूनच रिसेट होतोय. रिसेट पिनच्या फॉलिंग (खाली जाणाऱ्या) एजवर ट्रिगर, पोझिशन 90 टक्के, मोड सिंगल (एकदाच पकडून थांबणारा), दुसरा चॅनेल सप्लायवर, की रिसेटच्या आधीच्या 9 मिलिसेकंदांत सप्लायचा व्होल्टेज खाली गेला का ते समोर दिसतं. हेच मध्यावर ठेवून विसरलात तर आधीचे 5 च मिळतात. उलट रिलेचा बाउन्स (कॉन्टॅक्ट जुळताना उडत राहणं) बघायचा तर 10 टक्के, कारण गंमत नंतर आहे.

ऑटोबद्दल थोडक्यात, ट्रिगर आला नाही की ऑटो थोडं थांबून कसंही स्वीप मारतो, सिग्नल आहे की नाही बघायला ठीक, क्वचित येणाऱ्या पल्ससाठी नॉर्मल (ट्रिगर आला तरच चित्र काढणारा) किंवा सिंगलच.

आणि मेसेजमध्ये नावही नाही ती गोष्ट म्हणजे होल्डऑफ, एकदा ट्रिगर लागला की ठरलेला वेळ पुढचा ट्रिगर न घेण्याची सेटिंग. सिरीयल लाइनवर 9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट, स्टार्ट-स्टॉप बिट धरून बाइटला 10) 8 बाइटचं पॅकेट साधारण 8.3 मिलिसेकंदांचं, दर 20 मिलिसेकंदांनी येतंय, आत फॉलिंग एज ढीगभर, स्कोप कुठलीही धरतो आणि सगळी खिचडी होते. होल्डऑफ 10 मिलिसेकंद द्या, तो संपतो तेव्हा लाइन रिकामी असते, पुढची एज पॅकेटच्या स्टार्ट बिटचीच. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हा ऑप्शन नसतो, तिथे सिंगलवर काम भागवायचं.

यूएसबीला बोल लावायचाच असेल तर एकाच ठिकाणी लावता येतो, दोन कॅप्चरच्या मधल्या गॅपला. ब्लॉक पीसीवर जाईपर्यंत बरेच स्कोप आंधळे असतात आणि त्या वेळात आलेला ग्लिच (क्षणभराची गडबड) गेला तो गेलाच. तिथे बफर मोठा घ्या किंवा रेट कमी करून स्ट्रीमिंग (डेटा सलग पाठवणं) लावा.