खाणीवरचं हिरवं आणि त्याखालचं

गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मजकूर आला. डावीकडे काळा खड्डा, उजवीकडे बाग. खाली लिहिलंय: कोळसा खाणीने जमीन नासते हे खोटं; खाण संपली की झाडं लागतात, उपग्रह तपासणी करतो, बंद करण्याचे पैसे आधीच सरकारकडे अडकलेले असतात आणि जमीन पूर्वीपेक्षा चांगली होऊन मिळते. वणी-चंद्रपूरकडच्या मंडळींनीही हे पुढे पाठवलं, याचं नवल वाटलं. रोज ओबीचे, म्हणजे कोळशावरून उपसलेल्या माती-दगडाचे, डोंगर बघत कामावर जाणारी माणसं ही.

आधी फोटो. मला आलेल्या चित्रातली बाग सावनेरच्या इको पार्कची आहे. पार्क छानच आहे, मुलांना घेऊन जरूर जा. पण सावनेरची खाण भूमिगत. खुल्या खाणीत एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर माती-दगड उपसावा लागतो, तसा डोंगर भूमिगत खाणीत निघतच नाही. तिची बाग दाखवून खुल्या खाणीचा निकाल लावणं म्हणजे विहिरीचं पाणी दाखवून नदी स्वच्छ म्हणण्यासारखं.

उपग्रहाची तपासणी होते, हे खरं. रांचीची सीएमपीडीआय, म्हणजे खाणींचं नियोजन करणारी सरकारी कंपनी, ती करते: कोळसा आणि ओबी मिळून वर्षाला 50 लाख घनमीटरहून जास्त उपसणाऱ्या खुल्या खाणींची दरवर्षी, लहानांची तीन वर्षांतून एकदा. किती भाग भरला, किती हिरवा झाला, हे त्यातून कळतं. पण त्या हिरव्याखाली काय आहे, ते वरून कसं दिसणार? वेडी बाभूळही वरून हिरवीच दिसते. चंद्रपूरजवळ दुर्गापूर भागात अशाच झुडपांत वाघ-बिबट्यांनी आसरा घेतला आणि ती झुडपं काढा म्हणायची वेळ आली. शिवाय सीएमपीडीआय ही कोल इंडियाची उपकंपनी आणि आपल्याकडच्या खाणी चालवणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) हीसुद्धा. पेपर तपासणारी सख्खी बहीणच. ती प्रामाणिक असेलही, पण बाहेरचा डोळा म्हणून तिचं नाव पुढे करू नये.

खरी तपासणी कुदळीने होते. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग वालुकाश्म आणि शेल, आणि मग कोळसा. उपसताना हा क्रम उलटतो: सगळ्यात खालचा दगड ढिगाऱ्याच्या माथ्यावर येतो. म्हणून वरची माती वेगळी साठवून शेवटी पुन्हा पसरायची, अशी अट असते. पण तीच माती वर्षानुवर्षं ढिगात पडून राहिली, तर तिच्यातले जिवाणू आणि बुरशी कमी होतात. पसरली तरी डंपरच्या चाकांनी दबून ती घट्ट होते. फूटभर खोदून बघा. मूळ सरळ खाली गेलंय की आडवं वळलंय? बादलीभर पाणी ओता, मुरतं की वाहून जातं? पहिल्या मोठ्या पावसानंतर उतारावर घळी पडल्यात का? ढिगाऱ्याचा एकूण उतार 28 अंशांपेक्षा जास्त नको, ही पर्यावरण मंजुरीतली नेहमीची अट. तो उतार मोजायला साधं यंत्र पुरतं.

अशी जमीन पुन्हा उभी करणं अशक्य नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि नत्र धरून ठेवणारे जिवाणू वापरून झाडं उभी केली आहेत. म्हणजे आधी माती घडवावी लागते. नुसते खड्डे करून रोपं लावली की काम झालं, असं नसतं.

पैशाचं अर्धं खरं. 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी खुल्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत पैसे अडकवून ठेवणाऱ्या खात्यात, ठेवणं बंधनकारक केलं. पण 2013 च्या सुधारणेत दर पाच वर्षांनी, तपासणीनंतर, व्याजासह जमा रकमेच्या 80 टक्क्यांपर्यंत परत देण्याची सोय झाली. म्हणजे सगळी रक्कम शेवटपर्यंत अडकून राहते, असं नाही. म्हणूनच मधल्या तपासण्या कोण आणि कशा करतो, याला महत्त्व आहे.

उरलेल्या खड्ड्यातलं तळं हा बोनस म्हणून सांगतात. उभ्या काठाच्या खोल पाण्यात गुरं उतरवून बघा म्हणावं.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलं, की खाणकाम थांबल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवायला हवं, चारा आणि वनस्पती-प्राण्यांना ती योग्य व्हायला हवी. मला ही कसोटी फार आवडते, कारण तिचा निकाल गावातला गुराखी देऊ शकतो.

आता त्या मजकुरातला शेवटचा शब्द, ‘मिळते’. कोणाला? 1957 च्या कोळसा क्षेत्र अधिग्रहण कायद्याखाली घेतलेली जमीन मूळ शेतकऱ्याला परत करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. 2022 मध्ये केंद्राने कोळसा संपलेल्या अशा जमिनी इतर प्रकल्पांसाठी भाड्याने द्यायला वाट करून दिली, पण मालकी सरकारी कंपनीचीच ठेवली. ज्याच्या बापाने त्या वावरात कापूस वेचला, त्याला आता त्याच बागेत तिकीट काढून जावं लागेल.