सरळ रेषेतील अंतर आणि प्रत्यक्षातली वाट

दुर्गम गावांमधील अंतरे आणि प्रवासाचा वेळ देणाऱ्या एका लेखाविषयी हे लिहिणे आहे. दोन गावांमधील हवाई अंतराला विमानाच्या सरासरी वेगाने भागून ‘प्रवासाचा वेळ’ काढण्याची जी पद्धत त्या लेखात वापरली आहे, ती वाचकाची दिशाभूल करणारी आहे, असे मला वाटते. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून अक्षांश-रेखांशांवरून काढलेले अंतर गणित म्हणून चोखच असते आणि त्यातील त्रुटी फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. परंतु त्या गावांत धावपट्टी आहे का, असल्यास तिथून थेट विमान सुटते का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अनेकदा आधी एखाद्या मोठ्या शहरात जावे लागते, तेही कधीकधी नेमक्या उलट दिशेला.

रस्त्याचे अंतर लेखात हवाई अंतराला ठरावीक पटीने गुणून दिले आहे, हे तर मुळीच पटत नाही. पनामातील याविसा येथे, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतून जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग खंडित होतो आणि पुढे दारिएनच्या जंगलात सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही. त्यामुळे पलीकडचे, कोलंबियातील तुर्बो नकाशावर कितीही जवळ दिसले, तरी तिथे थेट गाडीने पोहोचता येत नाही. पेरूमधील इकितोसला उर्वरित देशातून नदीने किंवा विमानानेच जावे लागते. अशा ठिकाणी ‘रस्ता नाही’ असे स्पष्ट लिहावे, आणि जिथे घाट किंवा फेरीबोट आहे, तिथे किलोमीटरांसोबत तासही द्यावेत. हिवाळ्यात बंद राहणाऱ्या खिंडींची नोंद तर हवीच.