‘रिकर्शन ट्रेस करू नका, विश्वास ठेवा’ हा सल्ला अर्धाच आहे

ट्रीवरचं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा कॉल करणं) शिकणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो: कॉल कागदावर उलगडत बसू नका, गुंता होईल, आतला कॉल बरोबर उत्तर आणतो असं धरून पुढे चला. फंक्शन लिहिताना असं धरावंच लागतं, त्यावर वाद नाही. पण ट्रेस करूच नका, हे मला मुळीच पटत नाही.

पहिलं कारण सांगतात की कॉल बेसुमार वाढतात. ही भीती बहुधा फिबोनाचीमुळे (प्रत्येक संख्या आधीच्या दोनची बेरीज) बसलेली असते. तिथे तेच तेच कॉल पुन्हा होतात. बायनरी ट्रीत प्रत्येक नोडखाली (ट्रीतल्या घटकाखाली) जास्तीत जास्त दोन चाइल्ड असतात. त्याच्या साध्या फेरीत प्रत्येक नोडला एक कॉल आणि चाइल्ड नसलेल्या प्रत्येक रिकाम्या जागेला एक. रिकाम्या जागा नोडपेक्षा एकानेच जास्त असतात. म्हणजे ३ नोडना ७ कॉल, ७ नोडना १५. अर्ध्या पानात मावतं. आणि ट्रेससाठी ट्री छोटंच घ्यायचं असतं.

दुसरं: बेस केस (जिथे फंक्शन स्वतःला कॉल न करता थेट उत्तर देतं) बरोबर असली आणि आतल्या कॉलवर विश्वास ठेवला की झालं. ट्रीची किमान खोली, म्हणजे रूटपासून (सर्वांत वरच्या नोडपासून) सर्वांत जवळच्या लीफपर्यंतचे (खाली एकही चाइल्ड नसलेल्या नोडपर्यंतचे) नोड मोजायचे आहेत. बहुतेक जण लिहितात: नोड रिकामा असेल तर ०, नाहीतर १ अधिक दोन्ही बाजूंपैकी लहान उत्तर. वाचायला निर्दोष वाटतं. आता रूट ५ आणि त्याला फक्त उजवीकडे ८, एवढंच ट्री घ्या:

खोली(५)
— खोली(रिकामं) → ०
— खोली(८)
— — खोली(रिकामं) → ०
— — खोली(रिकामं) → ०
— — १ + ० → १
— १ + लहान(०, १) → १

उत्तर २ हवं होतं, आलं १. नीट पाहा: ५ च्या खालच्या दोन्ही कॉलनी बरोबरच उत्तर दिलं, विश्वास कुठेही तुटला नाही. चूक आहे ती दोन उत्तरं जोडण्यात. डावीकडे लीफच नाही, तरी तिथलं ० आपण जवळचं लीफ म्हणून मोजलं. एकच चाइल्ड असेल तर फक्त त्याच बाजूला जायचं, ही अट पाच कॉलच्या ट्रेसने दाखवून दिली.

‘डोकं गरगरतं’ हेही ऐकतो. गरगरतं ते सगळं मनात धरल्यामुळे. प्रत्येक कॉलला नवी ओळ, एक पायरी आत, आणि परत आलेली किंमत बाणापुढे. प्रत्येक कॉलची लोकल व्हेरिएबल्स वेगळी असतात, हे विसरून एकच ‘डावं’ (डाव्या बाजूचं उत्तर) खोडून पुन्हा लिहिलं की ट्रेस हमखास फसतो.

राहिला डिबगर, म्हणजे प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवून दाखवणारं साधन. तो जरूर वापरा. पण कॉल स्टॅकमध्ये फक्त चालू असलेले कॉल दिसतात. रिटर्न झालेला कॉल तिथून निघून जातो. कागदावर मात्र ते डावीकडचं ० उजवीकडच्या १ च्या वरच राहतं, आणि वरच्या चुकीत नजर तिथेच अडायला हवी होती.