कोनशिलेवर सुताराचं नाव

कोलंबसला (ओहायोतलं नव्हे, इंडियानातलं) येऊन मला वीस वर्षं झाली. कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याची बरीच मंडळी इथे आहेत, त्यातलाच मी. इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर रशव्हिल आहे, आपल्या तालुक्याच्या गावासारखं. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथला एक फलक दाखवायला नेतो. पूल बांधणाऱ्या घराण्याचा फलक. केनेडी घराणं, राष्ट्राध्यक्षांचे कुणी नव्हेत, लाकूडकामातली माणसं.

आर्चिबाल्ड केनेडी, त्यांचे मुलगे एमेट आणि चार्ल्स, आणि पुढे नातवंडं. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत या तीन पिढ्यांनी इंडियानात पन्नासहून जास्त लाकडी पूल उभारले. सगळे छपराचे. पाहुणे पहिल्यांदा हेच विचारतात, पुलाला छप्पर कशाला? लाकडाचा सांगाडा पावसात भिजला की दहा-पंधरा वर्षांत कुजतो, वर छप्पर आणि बाजूला फळ्या असल्या की शंभर वर्षं उभा राहतो.

आत शिरलं की दोन्ही अंगांना उभे खांब, त्यांच्यामधून तिरके टेकू, आणि या सगळ्याला कवेत घेणारी लाकडी कमान, जिची टोकं थेट दगडी पायावर टेकलेली. थिओडोर बर या अमेरिकी पूल बांधणाऱ्याची ही रचना. पण पुलाच्या तोंडाशी केनेडींनी जे केलंय ते खास त्यांचं. पांढरा रंग, कोपऱ्यांत वळणदार नक्षी, अगदी आपल्या वाड्यातल्या खांबाच्या हस्तावर असते तशी. शेतातून धान्य नेणाऱ्या गाड्यांसाठी बांधलेल्या पुलाला नक्षी! कुणी मागितली नसेल तरी हात थांबला नाही, असं मला तिथे दर वेळी वाटतं.

यातला मॉस्कोचा (रशियातलं नव्हे, इंडियानातलंच गाव) पूल १८८६ चा, तीनशे फुटांहून लांब. जून २००८ मध्ये चक्रीवादळाने तो नदीत आडवा केला. मी त्या आठवड्यात तिथे गेलो होतो. मोडक्या तुळया पाण्यात पडलेल्या, आणि काठावर लोक गप्प उभे. त्यातलं वाचलेलं लाकूड वापरून २०१० मध्ये पूल परत उभा राहिला. त्याआधी १९८६ मध्ये काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, यातले काही पूल पाडायचं ठरवलं होतं, तेव्हाही लोकच आडवे आले. बांधणाऱ्याचं नाव घरोघरी माहीत असलं की पूल पाडणं सोपं राहत नाही, हे माझं पक्कं मत झालंय.

आपल्याकडे कोनशिला बघा. शुभहस्ते, अध्यक्षस्थानी, प्रमुख उपस्थिती. पानिपतानंतर पुण्यात लाकडाचा पूल झाला, तो नानासाहेब पेशव्यांच्या नावावर. लाकडाचा म्हणून लकडी पूल हे नाव आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण तासणी चालवणाऱ्या एकाचंही नाव मी कुठल्या पाटीवर वाचलेलं नाही.

मला हे लागतं, कारण माझे आजोबा कोकणात सुतार होते. दर पावसाळ्यानंतर ओढ्यावर साकव तेच घालायचे. आम्ही पोरं शाळेला त्यावरून जायचो, आणि पहिल्या दिवशी ते स्वतः मधोमध उभं राहून दोन उड्या मारून दाखवायचे. नंतर तिथे सिमेंटचा पूल झाला. कोनशिलेवर अकरा नावं. आजोबांनी चष्मा पुसून सगळी वाचली आणि काही न बोलता घरी आले. सिमेंटचा पूल बांधणाऱ्या गवंड्यांचंही नाव त्यात नव्हतं.

या मे महिन्यात गावी जातोय. जुन्या साकवाच्या जागी एक छोटी शिळा स्वखर्चाने लावू द्या, असं पत्र ग्रामपंचायतीला दिलंय. परवा काकांना फोन केला, साकवाला कोण कोण असायचं ते विचारलं. आजोबा, त्यांचे दोन धाकटे भाऊ, वाशे खांद्यावरून आणणारे चौघे, दोर वळणारी एक म्हातारी. काका एकेक नाव सांगत होते, मी लिहून घेत होतो.