आपत्ती कोसळली की ओढवून घेतली?

'नैसर्गिक आपत्ती कोसळली' असं बातमीत आलं की मी त्या 'कोसळली'पाशी अडखळते. कोसळली म्हणजे आपसूक वरून पडली, कुणाचा हात नाही. पण आपत्ती हा शब्द मुळात इतका निर्दोष नाहीच.

संस्कृतात 'पद्' धातू आहे. जाणे, पडणे हा त्याचा अर्थ. त्याला 'सम्' लागला की संपत्ती, 'वि' लागला की विपत्ती, 'उत्' लागला की उत्पत्ती आणि 'आ' लागला की आपत्ती. सगळी सख्खी भावंडं! आपत्ती म्हणजे एखाद्या अवस्थेला येऊन ठेपणं. संकट हा त्यातलाच एक अर्थ, मराठीत तेवढाच उरला. हिंदीत तर आपत्ती म्हणजे हरकतही.

मला सगळ्यात भावतो तो तर्कशास्त्रातला अर्थ. धूर आहे पण आग नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगतात: मग धूर कारणाशिवायच निघतो हेही तुला मानावं लागेल. ही झाली अनिष्टापत्ती. आधी जे गृहीत धरलं, त्याच्याच पोटातून निघालेली नको असलेली गोष्ट. पाली विनयात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथांत, तर भिक्षूच्या हातून झालेला नियमभंग म्हणजे आपत्ती. उपोसथाला, म्हणजे पंधरवड्याच्या व्रतदिवशी, पातिमोक्ख ही नियमावली म्हणायच्या वेळी ती लपवायची नाही, उघड करायची.

इंग्रजीतला 'डिझास्टर' बघा. त्यात 'ॲस्टर' म्हणजे तारा दडलाय. ग्रह फिरले, दुसरं काय! आपल्या शब्दात ही पळवाट नव्हती, ती आपण नंतर पाडली.

2004 च्या त्सुनामीनंतर आपल्याकडे 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित कारणांबरोबर अपघात आणि निष्काळजीपणा हेही शब्द स्पष्ट आहेत. कायद्याला जे दिसतं ते मथळे लिहिणाऱ्यांना का दिसू नये? पाऊस नैसर्गिक, कबूल. पण नाला बुजवून त्यावर इमारत उठते, पूररेषेच्या आत घरं विकली जातात, डोंगराचा पायथा उकरून रस्ता काढला जातो. मग दरड येते, पाणी शिरतं, माणसं जातात आणि आपण 'निसर्गाचा कोप' लिहून मोकळे होतो. जी माणसं गेली त्यांच्यावर हा दुसरा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

मराठीत 'कोसळली'च्या शेजारीच दुसरं क्रियापद तयार आहे, रोजच्या बोलण्यातलं: ओढवून घेतली. जिथे नाला बुजवलेला दिसतो, तिथे मी आता तेच वापरते.